खांद्यावरची शीव

फार वर्षांपूर्वी, विलायतेत मोठी लढाई पेटली तेव्हाची ही हकिकत. धामणशेत गावात एल्साबाई नावाची जर्मन सुईण राहत होती. तिच्या हाती आलेलं मूल कधी दगावलं नाही, असं म्हणतात.

लढाई सुरू झाली आणि सरकारचा हुकूम आला. बाई शत्रूच्या मुलखातली, तिने गावची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर थेट कैद्यांच्या छावणीत.

तेवढ्यात शिवेपलीकडच्या कोळवाडीत, धामणशेतच्या बाळकूची बहीण सुंद्रा सासरी बाळंतपणात अडली. बाळकू बाईसाठी परवानगी मागायला तालुक्याला पळाला. कागद तिसऱ्या दिवशी मिळाला. सुंद्रा दुसऱ्याच दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट. बाळकूने तो कागद चावला आणि थुंकून टाकला.

महिना झाला नाही तोच सुंद्राची नणंद त्याच घरात अडली. निरोप येताच बाळकू शिवेवर धावला. शिवेचा शेंदूर लावलेला दगड हलवायला चार माणसं लागत. बाळकूने तो पहारीने उपटला आणि एकट्याने खांद्यावर घेतला.

पाटील ओरडले, "अरे बाळक्या, शीव आहे ती! तुझ्या घरचा पाटा नव्हे!"

"मग या माझ्या मागं. मी जाईन तिथवर धामणशेत!"

तो पुढे, निरोप ऐकून शिवेवर आलेली बाई त्याच्या मागे, आणि तिच्या मागे पाटील. वाटेतल्या ओढ्याने पाणी आवरून धरलं, असं म्हणतात. कोळवाडीत पोचल्यावर बाळकूने दगड सुंद्राच्या सासरच्या परसात टाकला. बाई आत गेली.

मागून घोड्यावर फौजदार आला. "बाईनं शीव ओलांडली!"

सुंद्राची सासू दारात आडवी उभी राहिली. "शीव माझ्या परसात पडलीय, साहेब. जाऊन बघा. आणि घोडं लांब बांधा, आत लेक अडलीय."

फौजदार पाटलांकडे वळला. "पाटील, हा दगड कुठल्या शिवेचा?"

पाटलांनी बाळकूच्या सोललेल्या खांद्याकडे पाहिलं. "आमच्याच, साहेब. बाई गावातच आहे."

तेवढ्यात आतून बाळ रडलं. बाईने ते आधी बाळकूच्या हातात दिलं. तेव्हा कुठे बाळकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे लढाई वाढली. बाईला छावणीत नेलं, ती परतली नाही. पण आजही दोन्ही गावांत पाचवीच्या पूजेआधी बाळाचा मामा शिवेवर उभा राहून हाक देतो, "एल्साबाई, वाट मोकळी आहे, या!" ज्या बाळाला मामा नाही, त्याच्यासाठी बाळकूच्या घरातलं कुणीतरी जातं.