डालग्याखालचा बोका

परदेशात कुक्कुटपालन शिकून आलेल्या सुनेत्राला वाटलं होतं, आत्याच्या परसातली पिल्लं मुंगूस नाहीतर घार नेत असेल. निघाला तो शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष दिघे यांचा गुबगुबीत बोका. आत्या हताश झाली होती. म्हणाली, "विकून टाकते कोंबड्या. त्यांच्याशी कोण भांडणार?"

सुनेत्रा दिघ्यांकडे गेली. "आमच्याकडे बोकाच नाही," ते म्हणाले. "भटका असेल. तुमच्या कोंबड्या डालग्याखाली झाका की."

संध्याकाळी बोका परसात शिरला आणि सुनेत्राने बांबूचं डालगं त्याच्यावरच पालथं घातलं. मग कुंपणावरून हाक मारली, "काका, तो भटका बोका धरलाय. उद्या नेऊन नसबंदी करून आणते."

दिघे धावतच आले. "अगं थांब, तो आमचा सुलतान आहे."

"मग घेऊन जा. पण काका, डालगं एकच आहे. सुलतान घरात राहणार असेल तर ते कोंबड्यांवर घालीन, मोकळा फिरणार असेल तर त्याच्यावर."

हाक ऐकून जमलेली गल्ली हसली. दिघे बोका काखोटीला मारून घरी गेले. आत्या ज्याला त्याला सांगत सुटली, "आमची भाची आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राने तिला नोकरी देऊ करणाऱ्या पुण्याच्या पोल्ट्री कंपनीला नकार कळवला. आत्याकडेच राहून गल्लीतल्या प्रत्येक परसात कोंबड्या पाळायला लावायच्या, असं तिने ठरवलं होतं.