बांधाचा नाईक

फार पूर्वी एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली होती. शेतं आणि समुद्र यांच्यामध्ये उभा होता तो मातीचा एक लांबच लांब बांध. खेकडे त्याला बिळं पाडत, लाटा त्याची माती ओढून नेत. एकदा का खारं पाणी आत शिरलं, की त्या जमिनीत वर्षानुवर्षं रोप तग धरत नसे. म्हणून गावानं बांध राखायला माणसं नेमली होती. प्रत्येकाकडे बांधाचा एकेक भाग, आणि सगळ्यांवर एक नाईक.

जुना नाईक थकला, तेव्हा गावानं दामाला नाईक केलं. दामानं बुजवलेलं भोक पुन्हा कधी फुटत नसे. ज्याचा हात इतका चांगला, त्याच्या हाताखाली सगळा बांध चांगला राहील, असं गावाला वाटलं.

पण नाईक झाल्या दिवसापासून दामाच्या मनात भीती जाऊन बसली. कुठे काही चुकलं तर? आपण नसताना बांध खचला तर? जेवताना त्याचा घास हातात राही आणि कान खाडीकडे लागत. दुसऱ्याचं काम त्याच्या मनास येईना. कुणी दिवसभर खपून माती लावली, की दामा येऊन ती उकरी आणि पुन्हा स्वतः लावी. ज्यानं ती लावलेली असे, तो बाजूला उभा राहून बघत राही.

एकदा पोसू नावाचा गडी धावत आला. "नाईक, माझ्या भागात पाणी झिरपतंय!"

दामा घाबरला, पण तोंडातून बाहेर पडला तो राग. "तुझ्याच भागात कसं झिरपतं? डोळे मिटून बसला होतास का?" चारचौघांत त्यानं पोसूला नाही नाही ते ऐकवलं. पोसू मान खाली घालून उभा होता. ते पाहून बाकीचे आपापल्या कामाला लागले.

त्यानंतर तक्रारी यायच्या बंद झाल्या. दामानं कुणालाही विचारावं, तर उत्तर ठरलेलं, "ठीक आहे, नाईक." आधी त्याला हायसं वाटलं. पण हळूहळू त्या शब्दांचीच त्याला धास्ती वाटू लागली. तो दिसला की बोलणारी माणसं गप्प होत. कामाची वेळ संपली की कुणी घटकाभरही रेंगाळत नसे. इतक्या लांब बांधात कुठेच काही बिघडत नाही, हे कसं?

भाताच्या लोंब्या भरायला लागल्या होत्या, तेव्हा ती अमावस्या आली. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण त्या दिवशी दुपारी चढायचं होतं. सकाळी ओहोटी होती. दामा एकटाच बांधाच्या कडेनं चालत निघाला. एके ठिकाणी त्याला ओल्या मातीचा नवा गिलावा दिसला. त्यानं काठी टोचली. काठी आत गेली, आणखी आत गेली, आणि शेवटी त्याची मूठ मातीला टेकली.

आतून पोकळ होतं. कुणीतरी वरून लिंपून झाकलं होतं.

हा पोसूचा भाग. त्याला आत्ताच्या आत्ता फरफटत आणावं, असा संताप त्याच्या डोक्यात चढला. तो वळलाही. आणि मग त्याचे पाय थांबले. एकानं झाकलं असेल, तर इतरांनीही झाकलं नसेल कशावरून? सगळा बांध टोचत बसायला वेळ कुठे होता? भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. आता पोसूला चारचौघांत बोललो, तर बाकीचे आपापली भोकं मरेपर्यंत सांगणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं.

त्यानं सगळ्यांना बोलावलं. माणसं येऊन उभी राहिली, नजरा जमिनीकडे.

"बांधात एक भोक सापडलंय," दामा म्हणाला. पोसूचा चेहरा उतरला. "ते कुणाच्या भागात आहे, हे मी विचारणार नाही. ते झाकावंसं वाटलं, ते माझ्या जिभेमुळं. मला फार भीती वाटते रे, आणि ती मी तुमच्यावर काढत आलो. आता उधाण यायचंय. अजून कुठे काय आहे, ते सांगा. मी कुणाला एक शब्द बोलणार नाही."

कुणी हललं नाही. लांबवर पाण्याची पांढरी रेघ दिसत होती, ती जवळ येत होती. दामाला वाटलं, संपलं. आपल्यावर आता कुणाचाच विश्वास उरलेला नाही.

तेवढ्यात मथीबाय पुढे झाली. ती त्यांच्यातली सगळ्यात वयस्क. ती म्हणाली, "नाईक, उघाडीपाशी एक मोठं भगदाड आहे. माझ्या भागात. परवापासून मी त्यात पेंढा कोंबलाय."

उघाडी म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायचं दार. बांधातली सगळ्यात नाजूक जागा. परवापासून! दामाच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. जमलेल्या प्रत्येकाची नजर त्याच्या तोंडावर होती. तो आता काय बोलतो, यावर सगळं अवलंबून होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाला, "बरं केलंस बाय, सांगितलंस. ते बुजवायला तुला काय लागेल?"

मथीबाय म्हणाली, "बांबू. आणि चार दांडगे गडी."

"माझ्याकडेही आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "खेकड्यांची बिळं. पुष्कळ."

"माझा भाग एका अंगानं खचलाय."

"तुम्हाला सापडलं ते भोक माझं, नाईक," पोसू म्हणाला.

दामा ऐकत गेला. कुणाला काय लागेल, ते विचारत गेला. सवयीनं तो उघाडीकडे धावू लागला, तेव्हा मथीबायनं त्याला अडवलं. "तुम्ही तिथे नको. इथून माती भरून द्या. सगळीकडे मातीच कमी पडणार आहे."

आणि नाईक मातीच्या पाट्या भरायला लागला.

त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दुपार. पाणी बांधाला भिडलं, वर चढलं, लाटांचे शिंतोडे माथ्यावरून आत पडू लागले. पलीकडच्या टोकाला काय चाललंय, हे त्याला दिसत नव्हतं. पळत जाऊन बघावं, असं दर पाटीला वाटे. पण तो गेला असता तर पाट्या थांबल्या असत्या. तो भरत राहिला.

पाणी शिगेला पोचलं आणि पोसूची हाक आली, "फुटलं! दक्षिणेच्या कोपऱ्यात फुटलं!"

तिथल्या भोकाची कुणालाच खबर नव्हती. पण हाक एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली आणि ज्यांचं काम आवरलं होतं ते सगळे तिकडे धावले. पोसू छातीइतक्या पाण्यात उभा राहून दगड लावत होता. कोपऱ्यातली काही शेतं डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली. पण भगदाड बुजलं आणि बाकीचं गाव वाचलं.

संध्याकाळी गावकरी जमले. ज्यांची शेतं गेली, ते चिडले होते. "कुणाच्या चुकीनं झालं हे?"

"माझ्या," दामा म्हणाला. "मीच असा वागलो, की माणसं मला सांगायला भीत होती. पोसूनं वेळेवर हाक दिली नसती, तर आज कुणाचंच शेत राहिलं नसतं. ज्यांचं गेलं, त्यांना माझ्या पिकातला अर्धा वाटा मी देतो."

पोसू उभा राहिला. "माझ्यातलाही घ्या." मग मथीबाय उठली, आणि तिच्यामागून एकेक करत बांधावरचे सगळे.

गावानं दामाला नाईकपदावर कायम ठेवलं.

पुढं थंडीत पुन्हा एक मोठी भरती आली, तेव्हा दामा तापानं अंथरुणाला खिळला होता. खाडीचा आवाज वाढत होता आणि त्याला बोलवायला कुणी आलं नाही. त्याचा जीव राहीना. घोंगडी पांघरून, भिंतीला धरत, धडपडत तो बांधावर पोचला.

सगळे कामात होते. भेग कशी बुजवायची यावरून मथीबायचं आणि पोसूचं तावातावानं भांडण चाललं होतं. शेवटी पोसूनं तिचं ऐकलं, आणि भेग बुजली. दामाकडे कुणाचं लक्षही नव्हतं. क्षणभर त्याला वाईट वाटलं. मग त्याच्या अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं आणि तो तिथेच खाली बसला.

"अहो नाईक!" पोसू ओरडला. "तापात कशाला आलात? आणि तिथे बसू नका, आत्ताच लिंपलीय ती जागा!"

"चुकलो बाबा," म्हणत दामा उठला आणि हसत हसत बाजूला झाला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: वाईट बातमी आणणाऱ्याला ज्या नाईकाची भीती वाटत नाही, त्याची माणसं त्याच्या पाठीमागेही काम आपलं मानून करतात.