पिंगीची वाकडी वाट

फार पूर्वी, या रानात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हा, पिंगी नावाची मधमाशी झऱ्यावर पाणी प्यायला आली. परत उडाली तेव्हा तिला दिसलं, की एक अस्वल तिच्यावर नजर ठेवून मागोमाग येतंय. पोळ्यात मधाबरोबर इवली इवली पिल्लंही होती. पिंगीने तिथल्या तिथे दिशा बदलली.

ओढा, करवंदाच्या जाळ्या ओलांडत ती पोळ्यापासून दूर जात राहिली. पंख भरून आले, तरी थांबली नाही. ती दिसेनाशी झाली असती, तर अस्वलाने झऱ्यावर परतून दुसरी माशी हेरली असती. म्हणून ती मुद्दाम त्याच्या नजरेसमोरच उडत होती.

"बाई, अजून किती लांब गं तुझं घर?" अस्वलाने धापा टाकत विचारलं.

"आलंच की, त्या टेकडीपलीकडे."

टेकडीपलीकडे नुसता कातळ होता.

"एवढ्याशा मधासाठी कोण करणार ही तंगडतोड!" असं पुटपुटत अस्वल पलीकडच्या रानात उतरून गेलं.

तोवर अंधारलं होतं. पिंगीने पानाखाली गारठून रात्र काढली आणि उजाडल्यावर पोळं गाठलं.

"काल होतीस कुठं?" बहिणींनी विचारलं.

"वाट चुकले होते," पिंगी म्हणाली आणि कामाला लागली.