हलकी होता होता जड झालेली माकडीण

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची आणि माणसं ऐकायची. आता दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही.

एका जंगलातून नदी वाहायची. दर उन्हाळ्यात तिच्या दोन काठांची रस्सीखेच व्हायची. जो काठ जिंकेल त्याला नदीतल्या बेटावरची जांभळं. जो हरेल त्याला चिखल, तोही तोंडभर.

ओढायचं काम हत्ती, गवे, रेडे करायचे. पण अंगानं दांडगी ही मंडळी डोक्यानं सावकाश. एक आज ओढी, दुसरा उद्या. म्हणून अलीकडच्या काठानं एक ललकारी टोळी ठेवली होती. वानरं टाळ्यांचा ताल धरायची. अस्वलमावशी मागच्या पायांवर उभी राहायची, आणि तिच्या खांद्यांवर चढून एक तरणी माकडीण आरोळी ठोकायची, "हेऽऽ ओढ!" की सगळे एका दमात ओढायचे.

त्या खांद्यांवरच्या जागेवर माकडिणीचा भारी जीव. ती जागा गेली तर मग आपण कोण? चारचौघांसारखं माकड!

एकदा सराव चालू असताना मावशी कण्हली, "अगं बये, आज जड लागतेस गं."

झालं! माकडिणीनं उंबरं सोडली. मग केळी सोडली. दुपारी सगळे सावलीत लवंडले की ही उन्हात उड्या मारी. तरी मावशी कण्हलीच, "कालच्याहून जड!" माकडिणीनं पाला चघळायचाही बंद केला. मावशी आणखी कण्हली. तुम्ही हसताय खरे, पण आरशापुढं उभं राहून पोट आत ओढणारे कोण आहेत ते मला ठाऊक आहे.

टोळीचा म्होरक्या होता एक म्हातारा वानर. केस पिकलेले, अक्कल अजून कच्ची. तो म्हणाला, "मावशीचे खांदे गेले तर सगळंच गेलं. आता खारीला चढवू. चिमूटभर वजन!"

खार टुणकन वर गेली. छाती फुगवून तिनं आरोळी ठोकली. हत्तीनं कान झटकले. "या वर्षी डास फार झालेत."

"उतर गं खाली!" म्हणत माकडीण तरातरा वर चढली. तोंड उघडलं, आणि भर दुपारी डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती कोसळली ती थेट मावशीच्या केसाळ कुशीत.

"काय खाल्लंस आज?" मावशीनं विचारलं.

"काही नाही."

"आणि काल?"

"मावशी, तूच म्हणालीस ना, जड झालेय म्हणून!"

मावशीनं कपाळावर पंजा मारून घेतला. "अगं शहाणे, त्या दिवशी तू रात्रभर जागून आली होतीस. तुझे पाय लटपटत होते. पाणवठ्यावरच्या बायका पाहिल्यास ना? भरली घागर डोक्यावर गप बसते, अर्धी घागर हिंदकळून मान मोडते. मला तुझं वजन नाही टोचत, तुझी थरथर टोचते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू ऐकायला थांबलीस कुठं?"

त्या दिवसापासून मावशीनं तिला पंजाखाली घेतलं. सकाळी पोटभर उंबरं. चढण्याआधी हातपाय मोकळे करायचे. दुपारी सावली, रात्री झोप. "आणि आरोळी घशातून नको, पोटातून काढ. पोटात काही असेल तर निघेल!"

रस्सीखेचीच्या दिवशी माकडिणीचे गाल पुरीसारखे फुगले होते. म्होरक्यानं डोळेच मिटून घेतले. मावशी मात्र पाय रोवून उभी होती, वाट बघत. शेवटी ती खेकसली, "अगं, चढतेस की नाही? पलीकडच्यांनी दोर उचलला!"

वरून आवाज आला, "मावशी, मी केव्हाची वर आहे!"

आणि मग अशी आरोळी सुटली की अलीकडचे सगळे एका दमात मागं सरले, आणि पलीकडचे सगळे एका दमात चिखलात बसले. महिनाभर अलीकडच्या काठावर एकही जीभ गुलाबी दिसली नाही. सगळ्या जांभळ्या!

तात्पर्य : दुसऱ्याच्या अंगात बळ भरायचं असेल, तर आधी आपलं पोट भरावं आणि आपली झोप पुरी करावी.