चालणारं कुंपण

काशीदेशात सुयाम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका लहान गावाचा ग्रामणी, म्हणजे गावप्रमुख, होऊन जन्मला होता. गावचे तंटे तोच मिटवी.

तिथं सुप्पिया नावाची विधवा विणकरीण राही. शेजारी पुण्णक कुंभार. मध्ये पुण्णकाच्या आजोबानं लावलेलं निर्गुडीचं कुंपण. एक दिवस सुप्पिया ग्रामणीकडे आली. म्हणाली, काठ्या त्याच, सूत तितकंच, पण उभ्या धाग्यांचा ताणा ताणायला अंगण पुरत नाही. कुंपण तीन हात आत आलंय. माग बंद पडला तर पोरींना खायला काय घालू?

पुण्णकानं अग्नीची शपथ घेतली, की आपण एक रोप हलवलेलं नाही. म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. आता करा काय! दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचं मिळून काही जुळत नव्हतं. बोधिसत्त्वाला सकाळी तिचं पटलं, दुपारी त्याचं. संध्याकाळी तर डोकंच चालेना.

नेमका त्याच दिवशी राजधानीसाठी न्यायाधीश शोधत एक अमात्य गावात आला होता. तो म्हणाला, आजच्या आज निकाल दे आणि माझ्याबरोबर चल.

"मला अजून कळलेलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "कळल्याशिवाय निकाल देणार नाही."

अमात्य हसला आणि निघून गेला. गावाला मात्र फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वानं स्वतः कुदळ घेतली. पुण्णकाच्या बाजूला साठलेली भट्टीची राख उपसली, तर खाली निर्गुडीचे जुने खुंट, ओळीनं, तीन हात अलीकडे. त्या गावची रीत अशी, की कुंपण ज्यानं लावलं, कोयता त्यानंच चालवायचा. भट्टीसाठी पुण्णक आपल्या बाजूनं तोडत राहिला. पलीकडे फुटवे वाढत, मूळ धरत राहिले, आणि कुंपण तिकडे सरकत गेलं. सुप्पियानं रीत पाळून फांदीला हात लावला नाही.

पुण्णकानं एका खुंटावरची राख झाडली. "बाबा, म्हणजे मीच चोर?"

"काल नव्हतास," बोधिसत्त्व म्हणाला. "आजपासून तुझं तू ठरव."

पुण्णकानं दुपारपर्यंत सगळं कुंपण आपल्या हातानं उपटलं. सुप्पियानं ताणा लावला, तो पुरा बसला.

एवढं सांगून शास्ता भगवान समोरच्या दोन भिक्षूंना म्हणाले, "कुटीच्या हद्दीवरून भांडणाऱ्या तुम्हा दोघा भिक्षूंपैकी एक तेव्हा पुण्णक होता, दुसरा सुप्पिया. ग्रामणी मीच होतो."

अमात्य कोण होता, ते मला सांगणाऱ्यानं सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. न कळलेलं कळलं नाही म्हणावं, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.