धक्क्याची वाट

संचालक सरदेशमुखसाहेबांनी रणगाडाभेदी नळीचा आराखडा पाहिला आणि फर्मान सोडलं, "हिचं मागचं तोंड बंद करा. मागून जाळ निघतो, शत्रूला जवानाचा ठावठिकाणा कळतो."

नळी जवान खांद्यावरून डागणार होता. आराखडा सुचेताचा होता, आणि ती खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही दचकायची. पण मागचं तोंड बंद झालं, तर पहिल्याच बाराला जवानाचा खांदा निखळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सर, मग सगळा धक्का जवानाला बसेल."

"बसेल कसा? नळीतच जिरवायचा."

"तो जिरत नाही सर, पुढच्या माणसाकडे जातो," ती चाचरत म्हणाली. "वरून तुम्हाला बोलणी बसली, की ती तुम्ही उपसंचालक कुंभोजकरसरांकडे सरकवता आणि ते माझ्याकडे. माझ्या हाताखाली कुणी नाही, म्हणून मी तापाने पडते. जवानाच्याही हाताखाली कुणी नसतं. म्हणून त्याच्यासाठी मागे वाट ठेवलीय."

बैठकीत शेजारीच बसलेले कुंभोजकर चष्मा पुसत राहिले.

साहेबांनी आराखडा परत सरकवला. "राहू द्या तोंड उघडं. पण कुंभोजकर, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

कुंभोजकरांनी सवयीने सुचेताकडे पाहिलं.