कासपाड्याच्या तळ्यातल्या शिव्या

‘भरती लागली, तेव्हा माझ्या बहिणीला हाक का नाही मारली?’

जोमा हा प्रश्न घेऊन कासपाड्यात दारोदार फिरला आणि एकाही दारात त्याला उत्तर मिळाले नाही. टेकडीखालचे हे गोड्या पाण्याचे तळे त्यातूनच झाले, असे सांगतात. तळ्याची राखण करणारी सुंदराआजी येणाऱ्या पाहुण्यांना काठावर बसवते आणि मगच पाणी देते.

गाव खाडीकाठचे. नजर जाईल तिथवर पाणी, पण चूळ भरायच्या लायकीचे नाही. विहीर खणावी तर तीही खारट. गोडा झरा एकच, तोही खाडीपलीकडे, करंगळीएवढ्या धारेचा. ओहोटीला बायका चिखलातून पलीकडे जात, रांगेत बसून मडके भरत आणि भरतीच्या आत परतत. जोमाची थोरली बहीण पदी बुडाली, त्या दिवशी ती रांगेत शेवटची होती. घरी पोरे तहानलेली. जिचे मडके भरले ती निघाली. मागे कोण राहिले, हे कुणी वळून पाहिले नाही.

जोमा विशीतला, मिठागरात राबणारा, डोक्याने तापट. तेरावा झाला आणि तो कुदळ घेऊन या सखल जागेत उतरला. पावसाचे पाणी इथेच अडवायचे, पुन्हा एकाही बाईने पलीकडे जायचे नाही, एवढेच त्याच्या डोक्यात. वर्षभर एकट्याने खणले. पावसात तळे काठोकाठ भरले आणि दिवाळीला तळ उघडा पडला.

“जोम्या, चाळण बरी खणलीस रे!” लोक म्हणत.

पाणी का मुरले, हे त्याला कळत होते. मिठागराचा तळसुद्धा दहा-वीस माणसांनी तुडवल्याशिवाय पाणी धरत नाही. त्याने तळात चिकणमाती पसरली आणि घरोघरी जाऊन चार दिवस पाय मागितले.

“हातातलं मीठ सोडून तुझ्या खड्ड्यात नाचू काय?” पोशा पाटील म्हणाला. बायका झऱ्यावर जातच राहिल्या.

वैशाखात वळीव पडला, माती भिजली. त्याच संध्याकाळी पलीकडून आलेल्या बायकांनी दम खायला मडकी काठावर ठेवली आणि जोमाने काठीने ती सगळी फोडली. एकही ठेवले नाही, म्हणे.

“मुडद्या! पोरांना काय तुझं रक्त पाजू?” बायका धावल्या, त्यांच्यामागे पुरुष धावले. जोमा थेट तळ्यात उतरला. अख्खा गाव त्याच्यामागे चिखलात. तो गोल गोल पळतोय, गाव शिव्या देत मागे.

“द्या, अजून द्या!” जोमा ओरडला. “पदीच्या वेळी तोंडं शिवली होती, आता फुटली काय?”

दिवस बुडेपर्यंत तो कुणाच्या हाती लागला नाही. शेवटी पोशा पाटील घसरून आपटला आणि उठायचे सोडून हाताने माती चाचपत बसला. तोही मिठागरातलाच माणूस.

“अरे, बसली की माती!” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव न बोलावता तळात उतरला. मडक्यांचा राग मात्र उतरला नव्हता; बायका तुडवत होत्या आणि शिव्याही देत होत्या. त्या वर्षीचे पाणी पुढच्या चैत्रापर्यंत टिकले.

आजही वळीव पडला की तळ्यात उरलेले पाणी पिंपांत काढून घेतात आणि लहानथोर सगळे अनवाणी तळात उतरतात, जोमाच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या देत माती तुडवतात. पाहुणे हसतात. “हसा बाबांनो,” सुंदराआजी म्हणते, “पण चपला काढून खाली या.”

गावाने जोमाला माफ केले का, हे ती सांगत नाही. एवढेच सांगते, की त्या चैत्रात तळ्यात कमरेएवढे पाणी पाहून तो ओहोटीला एकटाच खाडीत उतरला. चिखलातली वाट कळावी म्हणून झऱ्यापर्यंत खुंट रोवलेले होते. ते त्याने एकेक करून सगळे उपटले, मोळी बांधून डोक्यावर आणली आणि मिठाच्या मचव्यात बसून कायमचा निघून जाण्याआधी घरटी एकेक खुंट दारात ठेवला, चुलीत घालायला.